चोर सोडून राखेला फाशी

इमारत पंधरा वर्षांत पोपडे टाकू लागली, कॉलमची सळई गंजून उघडी पडली, की सोसायटीच्या सभेत निकाल ठरलेला. ‘सिमेंटमध्ये राख मिसळतात हो हल्ली!’

मिसळतात. राजरोस, पोत्यावर छापून मिसळतात. पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के फ्लाय ॲश, म्हणजे वीज केंद्रातली कोळशाची राख, भारतीय मानकालाच मंजूर आहे. पोलाद कारखान्याच्या स्लॅगला तर 70 टक्क्यांपर्यंत मुभा. यात चोरी कुठली?

सिमेंट पाण्यात भिजलं की चुना सुटतो. राखेतली सिलिका तो चुना पकडून त्याचा घट्ट बंध करते, काँक्रीटची छिद्रं बुजत जातात. खारं पाणी सळईपर्यंत पोचायला झगडतं. मालवणात घर बांधणाऱ्यानं स्लॅगचं सिमेंट मागून घ्यावं.

घाटघरचं धरण रोलरनं दाबलेल्या काँक्रीटचं. त्यात सिमेंटपेक्षा राख जास्त.

उभं आहे.

मग पोपडे कशानं? बऱ्याचदा, पाणी न मारल्यानं. राखेचं काम संथ. आधी चुना सुटणार, मग ती कामाला लागणार. म्हणून काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 सांगतं : साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी, राख-स्लॅगवाल्याला किमान 10, शक्यतो 14. साइटवर काय दिसतं? स्लॅबवर वाफे बांधून पाणी भरलेलं, आणि कॉलमचं गोणपाट तिसऱ्याच दिवशी खडखडीत. अशा उपाशी काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड भराभर शिरतो आणि सळई गंजते. राखेचं काँक्रीट ही हेळसांड साध्यापेक्षा कमी सोसतं, हेही मान्य करू. आणि पीपीसीत कुणी साइटवरच आणखी राख ढकलली, तर ती भेसळच.

पण पाण्याची ही हयगय तपासणीत सापडत का नाही? कारण तपासणीचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुना-ठोकळे, 28 दिवस टाकीत बुडवून ठेवतात. अहवाल उत्तीर्ण! आपण काय क्यूबमध्ये राहणार आहोत?

आणि न वापरलेल्या राखेचं काय होतं? कोराडी वीज केंद्राच्या खसाळा राख-तलावाचा बंधारा जुलै 2022 मध्ये फुटला, राखेचा चिखल शेतांत शिरला. हीच राख कोरडी उचलली असती, तर कुणाच्या तरी भिंतीत गेली असती.

तेव्हा कंत्राटदाराला सिमेंटचा ब्रँड नंतर विचारा. करारात पाणी मारायचे 14 दिवस आणि टँकरचा खर्च वेगळा लिहून घ्या. आणि दहाव्या दिवशी जाऊन कॉलमच्या गोणपाटाला हात लावून बघा.