लेलेई

वाघ, हत्ती, गरुड यांची नावं कधीच देऊन झालीत, हे मला माहीत होतं. माझी भिस्त बेडकावर होती. सह्याद्रीत अजूनही नवे बेडूक सापडतात, आणि त्यांतल्या एखाद्याला माझं नाव मिळायला कुणाची काही हरकत नसावी. पण बेडकांच्या खात्यात आमच्या घरातलं कुणी नाही. भाचा कोळ्यांच्या खात्यात आहे. "मामा," तो म्हणाला, "पाठीचा कणा असलेल्यांची आशा सोडा."

आपल्याकडे चौकाला नाव लागायचं तर आधी मरावं लागतं, आणि मेल्यावरही नगरसेवक ओळखीचा असावा लागतो. जीवशास्त्रात अशी अट नाही. जिवंत माणसाचं नाव चालतं. कुणी नोंदवला नाही असा जीव शोधायचा, त्याचं वर्णन छापायचं, की नाव ठेवायचा मान तुमचा. स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही, पण तसं कुणी करत नाही. केलंच तर बाकीचे हसतात. याचा अर्थ भाच्याला ते कुणाला तरी देऊनच टाकावं लागणार. ही सोय मामांकडे बघूनच केलेली असणार, अशी माझी खात्री पटली. पुरुषाच्या नावाला शेवटी एक 'आय' जोडायचा. लेले अधिक आय, लेलेई. अंघोळ करताना मी ते मोठ्यानं म्हणून बघितलं. बाथरूममध्ये छान घुमतं.

नाव मिळण्यात धोकाही असतो म्हणा. योहान सीगेसबेक या वनस्पतिशास्त्रज्ञानं लिनियसवर टीका केली होती. फुलातले पुंकेसर मोजून झाडांची वर्गवारी लावायची ही लिनियसची पद्धत त्याला अश्लील वाटली. लिनियसनं म्हणे वाद घातला नाही. बारक्या फुलांच्या एका चिकट तणाला सीगेसबेकिया हे नाव देऊन टाकलं. हे तण आपल्या डोंगरांतही उगवतं आणि पायजम्याला चिकटतं. टीका कुणालाच आठवत नाही, तण दरवर्षी उगवतं. हे कळल्यापासून भाच्याशी मी फार गोड बोलतो. चकल्याही पाठवतो.

पण नाव मिळालं तरी ते टिकेल कशावरून? इथे बाभळीचा विषय निघतो, आणि तो निघाला की आमच्या घरातले लोक चपला शोधू लागतात.

अकेशिया निलोटिका. कॉलेजात पाठ केलेलं हे नाव मी वर्षानुवर्षं जपून वापरलं. सोबतच्यांपैकी कुणीतरी "बाभूळ" म्हणावं, मी किंचित थांबून "अकेशिया निलोटिका" म्हणावं आणि चारजणांनी माझ्याकडे वळून बघावं, एवढीच माझी विद्वत्ता. ती ऑस्ट्रेलियानं नेली.

झालं असं, की अकेशिया म्हणून जगभरातली जी झाडं एका मोटेत बांधली होती, ती मुळात एका घरची नाहीतच असं सिद्ध झालं. वाटण्या अटळ होत्या. नियम सांगतो, मूळ नमुना ज्या वाटणीत जाईल, नावही त्याच वाटणीत. मूळ नमुना होता आपली निलोटिका. पण ऑस्ट्रेलियाकडे हजाराच्या आसपास जाती. एवढ्या सगळ्यांची नावं बदलायची म्हणजे केवढा व्याप! त्यापेक्षा मूळ नमुनाच बदला, असा तिकडच्यांचा प्रस्ताव. समितीनं तशी शिफारस केली आणि 2005 साली व्हिएन्नाच्या परिषदेत मतदान झालं. 54.9 टक्के मतं विरोधात पडली आणि प्रस्ताव मंजूर झाला. कारण समितीची शिफारस फेटाळायला 60 टक्के लागत होते. सोसायटीच्या सर्वसाधारण सभांमध्ये माझं आयुष्य गेलं आहे, पण इतका सफाईदार ठराव मी पाहिलेला नाही. 2011 च्या परिषदेत पुन्हा रण माजलं आणि निर्णय कायम झाला. ती परिषद भरली होती मेलबर्नला. मी काही बोलत नाही.

आपली बाभूळ झाली वॅचेलिया निलोटिका. वॅचेल हे मकाऊत राहून झाडं गोळा करणारे एक पाद्री. माणूस भला असेल. पण जिच्या लाकडाची तिफण झाली, बैलगाडीचं चाक झालं, जिच्या काडीनं गावंच्या गावं दात घासत आली, तिच्या दारावर मकाऊच्या पाद्रीबुवांची पाटी कशाला? आणि कोकणात किंवा गोव्यात जा. तिथे ऑस्ट्रेलियातून आणून रस्त्याच्या कडेनं लावलेली झाडं मजेत उभी आहेत, आणि ती मात्र अजून अकेशिया. पान म्हणून जे दिसतं ते पानही नव्हे, चपटा झालेला देठ. शेंग कानासारखी पिळवटलेली. पिकून उकलली की काळी बी केशरी धाग्याला लटकत राहते. दिसतं सुरेख, नाही म्हणत नाही. पण काटा? अकेशिया या शब्दाचं मूळच ग्रीक काट्यात आहे. जिच्या अंगावर पांढरे लांब काटे जोडीजोडीनं उभे आहेत, ज्यांतला एक चप्पल भेदून टाचेत शिरला की देव आठवतो, ती अकेशिया नाही, आणि हा बिनकाट्याचा पाहुणा अकेशिया! असो. (असो म्हटलं की घरातले चपला परत काढतात.)

राग ओसरल्यावर मात्र यात माझ्या फायद्याचं एक सापडलं. लिनियसनं 1753 साली बाभळीला मिमोसा निलोटिका म्हटलं होतं, म्हणजे लाजाळूच्या घरी दिली होती. पुढे ती अकेशियांच्या घरी गेली, आता वॅचेलियांच्या. तीन घरं झाली, तीन आडनावं लागली, पण निलोटिका हे स्वतःचं नाव तिनं कुठल्याच घरी सोडलं नाही. मागायचं तर दुसऱ्या जागेवरचंच नाव मागावं, हे माझं तेव्हाच ठरलं.

एकदा भाचा घरी सूक्ष्मदर्शक घेऊन आला. कुपीतल्या अल्कोहोलमध्ये एक कोळी, सोबत बारीक अक्षरातली चिठ्ठी. डोळे आठ, त्यांतले समोरचे दोन इतके टपोरे की मेलेला असूनही तो माझी चौकशी करतोय असं वाटलं.

"असे दोन सारखेच दिसले तर वेगळे कसे ओळखता रे?"

"गुप्तांगावरून," भाचा म्हणाला. "नराच्या तोंडाजवळ हे दोन छोटे पाय दिसतात ना, त्यांच्या टोकाशी..."

शेजारी वाती वळत बसलेली आई ताट उचलून देवघरात गेली. सीगेसबेकची बाजू मला पहिल्यांदाच थोडी समजली.

तेवढ्यात भाचा म्हणाला, "याच गोतावळ्यातला एक आपल्या ठाण्याकडे सापडलाय. आयसियस तुकारामी."

"संत तुकाराम?"

"ओंबळे."

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे. गोळ्या लागल्या तरी पकड सुटली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. 2021 साली या काही मिलिमीटरच्या कोळ्याला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यासाठी कुणी कुणाला चकल्या पाठवल्या नव्हत्या. पुढ्यात डबा होता, मी त्याचं झाकण लावलं. त्या नळीसमोर आपण काय केलं असतं याचा विचार करायला गेलो आणि अर्ध्यातच थांबलो. उत्तर माहीत होतं. त्यानंतर काही दिवस मी लेलेईचं नाव काढलं नाही.

काही दिवसच. परवा भाच्याचाच फोन आला. "मामा, माझ्या मित्राकडे एक नवीन गांधीलमाशी आहे. मुंगीपेक्षा लहान, पण तुमचं नाव द्यायला तो तयार आहे."

मी फोन स्पीकरवर टाकला. असे क्षण एकट्यानं ऐकायचे नसतात. बायको ओल्या हातांनीच बाहेर आली.

"यांच्या एकट्याचंच का रे? दोघांचं मिळून नाही होत?"

"होतं की मामी. लेलेओरम."

"मग तेच दे." तिनं हात पुसले. "करते काय ही माशी?"

"अळीच्या अंगात अंडी घालते. पिल्लं आत बसून तिच्या जिवावर आयती खातात, आणि वाढून बाहेर पडतात."

बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"मग राहू दे," ती फोनला म्हणाली. "मामाचं एकट्याचंच ठेव."