अनरेटेड काका

बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाची, म्हणजे फिडेची, मानांकन स्पर्धा ज्या मंगल कार्यालयात भरते, तिथे दारातच काका दिसतात. बँकेतून निवृत्त. शर्टाच्या खिशात दोन पेनं, हातात प्लास्टिकचं फोल्डर. त्यात अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या नोंदणीची पावती, फिडे आयडीचं प्रिंटआउट आणि कोणी मागितलेला नसताना आणलेला जन्मदाखला. बाहेर डबे सांभाळत बसलेल्या आया हमखास विचारतात, "नातू कितव्या बोर्डावर आहे हो?" काका ताठ होतात. "मीच आहे. बोर्ड नंबर ४३."

भिंतीवरच्या यादीत त्यांच्या नावापुढे शून्य असतं. शून्य म्हणजे अनरेटेड, अजून रेटिंगच नाही.

काका कच्चे खेळाडू अजिबात नव्हेत. वाड्यातल्या ओट्यावर त्यांनी भल्याभल्यांना मात दिलेली असते. पण तिथलं बुद्धिबळ देशी. राजाला एकदा घोड्याची उडी माफ, पलीकडे पोचलेलं प्यादं त्या घरचं मोहरं होणार, आणि चाल परत घेणं हा जन्मसिद्ध हक्क. इथे मोहऱ्याला हात लागला की ते हलवायचंच. नुसतं नीट ठेवायचं असेल तर आधी 'अॅडजस्ट' म्हणायचं. ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ. मोबाइल वाजला तर डाव गेला, म्हणून तो दिवसभर काकूंकडे. काकूंना या स्पर्धेचा एवढा एकच भाग आवडतो.

स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला यादीतला वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी भिडतो. त्यामुळे काकांसमोर थेट रेटेड खेळाडू. वय वर्षं आठ. बसून पलीकडच्या रांगेपर्यंत हात पोचत नाही म्हणून तो खुर्चीवर गुडघे टेकून खेळतो. चार सेकंदांत चाल करतो आणि मित्राचा डाव बघायला निघून जातो. काका वीस मिनिटं विचार करतात. मग चाल करून ती लिहितात, तीही वळणदार अक्षरात, खाडाखोड न करता, घड्याळ दाबायचं विसरून. कॅसलिंगच्या वेळी काका आधी हत्ती उचलतात. मुलगा लगेच हात वर करतो. पंच येतात.

"काका, राजा आधी असतो. आता हत्तीच हलवा."

काका हत्ती नेऊन राजाच्या शेजारी ठेवतात आणि राजा मधल्या मध्ये उघडा पडतो. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. बाहेर आल्यावर मुलगा मोठ्या मनाने म्हणतो, "काका, तुमची नाइट एफ थ्री चांगली होती हं." ती काकांची पहिली चाल असते.

हरत गेलं की माणूस खालच्या बोर्डांवर सरकतो आणि तिथे बहुतेक सगळे अनरेटेडच. त्यांना हरवलं तरी रेटिंगच्या हिशेबात ते धरत नाहीत. ज्यांना हरवलेलं धरतात, ते काकांकडून हरत नाहीत. मग एखाद्या फेरीत खेळाडूंची संख्या विषम निघते आणि काकांना 'बाय' मिळतो. न खेळता अख्खा गुण. घरी ते "आज जिंकलो" एवढंच सांगतात.

माझं मत विचाराल तर काकांचा खरा खेळ पटावर नाहीच, तो कॅन्टीनमध्ये रंगतो. फिडेची नियमावली त्यांनी बँकेच्या सर्क्युलरसारखी पाठ केलेली असते. पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी किमान ५ डाव हवेत. ते २६ महिन्यांत जमवले तरी चालतात. पहिल्या स्पर्धेत भोपळा आला तर तो माफ. आणि मार्च २०२४ पासून पहिलं रेटिंग काढताना १८०० रेटिंगच्या दोन काल्पनिक खेळाडूंशी तुमची बरोबरी झाली असं धरतात. हे वाचल्यापासून काका सोसायटीत सांगत सुटतात, "अठराशेवाल्या दोघांना बरोबरीत रोखलंय. फिडेच्या हिशेबात आहे, बघा!"

आमच्या ओळखीच्या अशाच एका काकांना पहिल्याच स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत एक रेटेड मुलगी लाभली. तिला गाडी गाठायची होती. "काका, ड्रॉ?" काकांनी तिचं वाक्य संपायच्या आत हात पुढे केला. घरी जाताना पेढे घेतले.

रात्री ते हिशेबाला बसले. अर्धा गुण आला, म्हणजे भोपळा फुटला. भोपळा फुटला, म्हणजे माफी गेली आणि रेटेड खेळाडूंकडून खाल्लेले चारही मार हिशेबात आले. पाच जणांची सरासरी १५००. दोन काल्पनिक धरून १५८६. सात डावांत दीड गुण, म्हणून तक्त्याप्रमाणे वजा २३०. उरले १३५६. यादीत नाव यायला लागतात १४००.

"फक्त ४४ नी हुकलं गं," काका म्हणाले.

काकूंनी पेढा तोंडात टाकला. "अहो, मग त्या दोन काल्पनिकांना तरी हरवायचं होतं!"