सुट्टे नाहीत, वाऊचर घ्या

डोंबिवलीकराला रद्द गाडीचं काही वाटत नाही. सकाळची फास्ट रद्द झाली की तो इंडिकेटरकडे एकदा बघतो, मध्य रेल्वेला ठेवणीतली एक शिवी हासडतो आणि पुढच्या गाडीच्या दारात लटकतो. त्या दिवसाचे पासाचे पैसे परत मागायला खिडकीवर गेलेला माणूस निदान आमच्या पाहण्यात नाही. गैरसोयीबद्दलची दिलगिरी फुकट मिळते, तीही तो फुकटच ऐकतो. असं सोशिक गिऱ्हाईक ठाण्यापलीकडे आयतं तयार झालेलं पाहून स्वस्त विमान कंपन्यांना केवढा आनंद झाला असेल!

आता डिसेंबर २०२५ आठवा. वैमानिकांना पुरेशी विश्रांती द्या, हा नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाला होता. तो पूर्णपणे लागू झाला १ नोव्हेंबर २०२५ ला. आणि डिसेंबर उजाडल्यावर इंडिगोला शोध लागला, की वैमानिकांनाही झोप लागते. ५ तारखेच्या एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. शिळफाट्याची कोंडी धरून चार तास आधी घरून निघालेला माणूस सगळ्यांच्या आधी पोहोचला, म्हणजे सगळ्यांच्या आधी अडकला.

मग चमत्कार झाला. सरकारने फर्मावलं, ७ डिसेंबरच्या रात्री आठच्या आत सगळ्यांचे पैसे परत करा. आणि ६१० कोटींचे परतावे मार्गी लागलेसुद्धा! एरवी ज्या पैशाला कामकाजाचे सात दिवस लागतात, मध्येच बँकेची सुट्टी आडवी येते, सिस्टीम अपडेट होत असते, तो पैसा चक्क निघाला. ७ डिसेंबरला रविवार होता, हे कृपया ध्यानात घ्यावं. म्हणजे अडचण यंत्रात कधीच नव्हती. मंत्र्याने डोळे वटारले की रविवारीही यंत्र चालतं. पलावातल्या गृहस्थांनी वटारले तर त्यांना तक्रार क्रमांक मिळतो.

३ ते ५ डिसेंबरला ज्यांचे फार हाल झाले, त्यांना नियमाच्या भरपाईखेरीज १० हजारांचं वाऊचर जाहीर झालं. मुदत बारा महिने, वापरायचं त्याच कंपनीच्या विमानात. फडके रोडवरचा दुकानदारही सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवतो, पण ती चघळायला पुन्हा त्याच्याच दुकानात यावं लागत नाही. पुढे जानेवारीत विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला २२ कोटी २० लाखांचा दंड ठोठावला. तो मात्र वाऊचरने फेडण्याची सोय नाही. सरकार रोख घेतं.

ही रीत जुनीच. करोनात रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे हातात येण्याऐवजी पुढच्या तिकिटासाठी म्हणून ‘क्रेडिट शेल’ नावाच्या शिंपल्यात जाऊन बसले. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला निकाल दिला, की ज्या कंपनीला लगेच पैसे देणं जमत नाही, तिने ३१ मार्च २०२१ पर्यंत हा शिंपला सांभाळावा आणि रक्कम जुलै २०२० पासून दरमहा पाऊण टक्क्याने वाढवावी. वर्षाचे नऊ टक्के! त्या काळात मुदत ठेवीवरही इतकं सुटत नव्हतं. उगाच घरी बसलो, आणखी चार तिकिटं काढून रद्द करून घ्यायला हवी होती.

गो फर्स्टच्या प्रवाशांचं नशीब त्याहून थोर. ३ मे २०२३ ला विमानं थांबली, कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि जन्मभर गृहकर्जाचे हप्ते भरणारा कल्याणकर एका रात्रीत विमान कंपनीचा धनको झाला. रांगेत त्याच्यापुढे बँका होत्या, एवढाच काय तो कमीपणा. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश निघाला. बायकोला सांगायला मात्र बरं, की आपलीही एका विमान कंपनीकडे बाकी आहे.

तिकीट स्टेशनजवळच्या एजंटाकडून काढलं असेल तर आणखी मौज. कंपनी म्हणते पैसे एजंटाला पाठवले, एजंट म्हणतो अजून आले नाहीत. महासंचालनालयाचा नियम सांगतो, परताव्याची जबाबदारी कंपनीची. एजंट हा तिचाच प्रतिनिधी. हा नियम एजंटाच्या काउंटरवर गणपतीच्या फोटोशेजारी लावायला हरकत नाही.

त्याच नियमावलीत आणखी एक वाक्य आहे, आणि ते कंपनीचं अ‍ॅप कधीच दाखवत नाही. पैसे शेलमध्ये ठेवायचे की हातात घ्यायचे, हे प्रवाशाने ठरवायचं. कंपनीने परस्पर नाही. तेव्हा पडद्यावर ‘वाऊचर स्वीकारा’ असं ठळक बटण आलं तर बोट आवरा. खाली बारीक अक्षरांत परतावा शोधा, रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा, सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. तरी दाद लागली नाही तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिथे राहता तिथल्या जिल्ह्यात दावा लावता येतो. कंपनीच्या कचेरीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. आपल्या जिल्ह्याचा आयोग ठाण्यात आहे, आणि तिथे लोकलनेही जाता येतं.