गंजीफ्रॉक मात्र झकास

हेदवीत चित्रविषयांना तोटा नाही. पण किनाऱ्यावरच्या खडकातल्या अरुंद बामणघळीत भरतीचं पाणी उसळतं ते क्षणभर थांबत नाही, आणि दशभुज गणपतीच्या दहा हातांपुढे लेखकमहाशयांचे दोन कमीच पडणार. म्हणून पडवीत चटईवर वामकुक्षी घेणारे मामा निवडले गेले. झोपलेलं मॉडेल मानधन मागत नाही आणि ‘नाक नीट काढ’ असंही बजावत नाही.

लेखकमहाशय स्वतःला हळदणकरांच्या परंपरेतले मानतात. परंपरेला याचा पत्ता नाही. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर, जन्म १८८२. त्यांच्या चित्रातली निरांजन घेतलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. १९४५-४६ च्या सुमाराचं ते चित्र लोक तैलरंगातलं समजतात; आहे जलरंगातलं. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून झिरपणारा तो उजेड! त्यासाठी उभी राहिली त्यांचीच मुलगी, गीता. पण ती मॉडेल जागी होती हो! रेम्ब्राँनं १६५४ च्या आसपास झोपलेली तरुणी तपकिरी शाईच्या मोजक्या फटकाऱ्यांत पकडली. ते चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. फटकारे मोजके का, तर बाई कूस बदलेल या धास्तीनं, असं लेखकमहाशयांचं संशोधन.

मामांनी कूस बदललीच. त्यात कोकणातली दमट हवा. गालावरचा रंगाचा हात वाळेपर्यंत थांबायला हवं होतं. न थांबल्यानं रंग हनुवटीखाली ओघळला आणि मामांना दाढी आली.

झोपेतही मामांचा अंगठा तर्जनीवर घासत होता, सुपारी सोलताना घासतो तसा. पहाटेपासून वाडीत राबणाऱ्या या माणसाच्या गळ्याची कातडी कधी सैल पडली, ते भाच्यानं पाहिलंच नव्हतं. जागेपणी एवढा वेळ टक लावून बघितलं असतं तर ‘काय रे, पैसे हवेत का?’ असं त्यांनी विचारलं असतं.

मामी चित्रापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. “डोळे मिटलेलं माणूस भिंतीवर नको बाई. कोणी हार घालील.”

मामांनी चष्मा लावून निरखलं. “हा कोण दाढीवाला? गंजीफ्रॉक मात्र झकास जमलाय.”

जलरंगात पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद. गंजीफ्रॉकला लेखकमहाशयांचा ब्रश लागलेलाच नव्हता.

हेदवीला येणाऱ्यांनी बामणघळ भरतीच्या वेळी, लांबून पाहावी. दुपारी एक ते चार मात्र कोणाच्या पडवीत डोकावू नये, ब्रश घेऊन तर नाहीच.