चोवीस तासांची परीक्षा

पेडण्यात रस्ता उखडला की उत्तर तयार असतं : 'यंदा पाऊस फार झाला.' गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. रस्त्याचं अंदाजपत्रक करणाऱ्यांनी बहुधा भूगोल ऑप्शनला टाकला असावा.

खडी मुळात फितूर. तिला डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त. फटीतून पाणी मुरतं, दोघांच्या मध्ये शिरतं, वरून चाक दाबतं आणि डांबर खडीला सोडून देतं. मग वळणावर सुटी खडी पसरते आणि दुचाकीवाला आडवा होतो. ही पकड तपासायची परीक्षा आहे : डांबर लावलेली खडी 40 अंशांच्या पाण्यात 24 तास बुडवायची, 95 टक्के लेप टिकला तर पास. प्रयोगशाळेत 24 तास, पेडण्यात चार महिने. शिवाय प्रयोगशाळेतल्या भांड्यावरून टिप्पर जात नाही.

टिप्पर पाहायचे तर डिचोलीला या. एका आसावरचं ओझं दुप्पट झालं की रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, हे अमेरिकेतल्या चाचण्यांनी 1960 च्या सुमाराला दाखवून दिलं. त्यात मे महिन्यात काळा रस्ता हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापतो. नेहमीच्या व्हीजी-30 डांबराला 47 अंशांपर्यंत मऊ न होण्याचं बंधन. त्यापुढे त्याचा नाइलाज. उन्हात चाकोऱ्या पडतात, जूनमध्ये त्यांची तळी होतात. म्हणजे पावसाळ्यातल्या खड्ड्याचं भूमिपूजन मेमध्येच उरकलेलं असतं.

केंद्राची नियमावली सांगते : पाऊस पडताना किंवा पाणी साचलेलं असताना डांबर घालू नये. पण चवथ येते ऐन पावसात, आणि बाप्पाची गाडी खड्ड्यात आदळून कसं चालेल? मग ओल्या खड्ड्यात माल ओता, फावड्याने थापा, फोटो काढा. विसर्जनाला बाप्पाबरोबर तो मालही जातो.

औषध जुनंच आहे. रस्त्याला मधून कडेकडे दोन-अडीच टक्के उतार, कडेला मोकळं गटार, आणि ठेकेदाराची हमी महिन्यांत न मोजता पावसाळ्यांत मोजायची. यातलं गटार सगळ्यांत स्वस्त, म्हणूनच राहून जातं. हॉटमिक्सच्या शुभारंभाला नारळ फुटतो, फलक लागतो. गटारावर आमदारांचं नाव कोण घालणार?