रस्सा यायच्या आधी

“थांबा बरं, मॅट काढून घेते, रस्सा सांडंल.” हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही, त्याला नांदेड-लातूरकडच्या एखाद्या बऱ्या घरी अजून रीतसर जेवायला बोलावलेलं नाही, असं खुशाल समजावं. पाहुणे येणार म्हटलं की डायनिंग टेबलावरची औषधं, वर्तमानपत्रं आणि मुलाच्या नीटच्या नोट्स हलतात, सहा कापडी मॅट मांडल्या जातात आणि त्यांच्यावर रिकामी ताटं येतात. पाहुण्यानं या वेळी विचारायचं असतं, “घरीच शिवल्या का हो?” विचारलं नाही तर काकू मॅटची कड उगाच सरळ करत उभ्या राहतात, भाकरी काही पुढं सरकत नाही. कौतुक झालं, की येसराच्या आमटीचं पातेलं स्वयंपाकघरातून निघतं आणि ते टेबलापर्यंत पोचायच्या आत ताटं उचलून मॅट काढल्या जातात. म्हणजे ताटाखाली मॅट असते ती ताट रिकामं असेपर्यंत. या मॅटवाल्या काकू भाग्यनगरात आहेत, तरोड्यात आहेत, लातूरला औसा रोडच्या दोन्ही अंगांना आहेत. मिक्सरला टोपडं, फ्रिजच्या मुठीला बाही, पाण्याच्या जारला झालरीचा झगा आणि टीव्ही भिंतीला चिकटून चपटा झाला तरी सेटटॉप बॉक्सवर रुमाल, एवढ्या खुणा दिसल्या की घर ओळखावं.

काकूंबद्दलचं सार्वत्रिक मत असं, की मुलं शिकायला गेली, वेळ जात नाही, मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि शिवत बसतात; म्हणजे छंद. हे मत मला मान्य नाही. छंदासाठी माणूस खर्च करतो. मॅटसाठी कापड विकत घेताना काकूंना ना नांदेडच्या वजिराबादेत कुणी पाहिलंय, ना लातूरच्या गंजगोलाईत, जिथं सोळा रस्ते येऊन मिळतात आणि कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी कापडाचं दुकान चुकत नाही. काकू मॅट जेवणासाठी शिवत नाहीत, हे तर पहिल्या पातेल्यालाच सिद्ध होतं. माझं म्हणणं असं, की त्या मॅट शिवतात ब्लाउज पीस संपवण्यासाठी. आपल्याकडे ब्लाउज पीस हे कापड नसून चलन आहे. लग्न, बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, सत्यनारायण, कुणी सहज दारात आलं तरी जाताना ओटी. प्रत्येक ठिकाणी तो हातातून हातात जातो आणि शिवला मात्र कुठंच जात नाही. रंग कोणत्याच साडीला जुळत नाही, पोत असा की आरपार पेपर वाचावा. घडी दुकानातून निघाली तशीच, स्टिकरसकट. नियम एकच: ज्यानं दिला त्यालाच परत जाता कामा नये. हा हिशोब बायका तोंडपाठ ठेवतात. काही धोरणी बाया तर घडीच्या आतल्या कोपऱ्यात पेनानं बारीक अक्षरात देणारीचं नाव टिपून ठेवतात. सरकारनं ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा बाद केल्या. चलन कायमचं बाद करण्याचं काम काकू त्याच्या कितीतरी आधीपासून, दुपारची भांडी झाल्यावर, एकट्या करत आल्यात. एकदा कात्री लागली की तो पीस पुन्हा कुणाच्या ओटीत पडू शकत नाही.

पुरावा हवा असेल तर मॅट उलटी करून पाहावी आणि थोडं गणित करावं. ब्लाउज पीस ८० सेंटिमीटरचा, पन्हा ३६ इंच म्हणजे जवळपास ९० सेंटिमीटर. मॅट ४५ बाय ३०. पन्ह्यात दोन, लांबीत दोन, अशा चार मॅट बसतात आणि खाली वीस सेंटिमीटरची पट्टी उरते. आता एका मॅटचा घेर दीडशे सेंटिमीटर, चारांचा सहाशे. उरलेल्या पट्टीतून तीन सेंटिमीटर रुंदीची गोठ काढली तर तीही कागदावर बरोबर सहाशे भरते. हा हिशोब काकू पेन्सिल न उचलता करतात. पण कापड कागदावर चालत नाही. गोठ काकू उरेबच कापतात, कोपऱ्यावर ती चांगली वळावी म्हणून. उरेब कापली की टोकांना त्रिकोण वाया जातात, शिवाय प्रत्येक जोडात थोडं कापड दबतं. कोपऱ्याशी सुई कापडात रुतवून ठेवायची, दाब उचलायचा, मॅट फिरवायची, पट्टीची घडी नखानं दाबायची, दाब सोडायचा, पुन्हा पाय हलवायचा. असं करत करत चौथ्या मॅटच्या शेवटच्या बाजूला पट्टी संपते आणि तिथं दुसऱ्याच रंगाची लावावी लागते. संचात सहा हव्या असतात, म्हणून उरलेल्या दोन वेगळ्या पीसमधून येतात. घरात बनलेला सहाचा संच एका रंगाचा निघाला तर समजावं की काकूंनी एकाच घरची दोन लग्नं केली. खालची बाजू जुन्या चादरीची. मधल्या जाडीसाठी टॉवेल, तोही आहेरातलाच, टॉवेल-टोपीपैकी टॉवेल. टोपीचं काय करावं हे अजून काकूंनाही सुचलेलं नाही.

व्यवहारी माणसं म्हणतात, बाजारात धुवायला सोप्या प्लास्टिकच्या मॅट मिळतात, एवढी खटपट कशाला? ही माणसं कापडाच्या प्रदेशात राहून कापडाकडे दर विचारायच्या नजरेनं बघतात. नांदेडला निजाम उस्मान अलीच्या नावाची उस्मानशाही मिल होती. पुढं ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि मग भोंगा वाजायचा थांबला. इथल्या कापूस संशोधन केंद्रानं काढलेलं ‘नांदेड ४४’ हे वाण बीटी येण्याआधी शेतकऱ्यांच्या तोंडी होतं. आजही रानात कापूस आहे, जिनिंग आहे, गाठी बांधून ट्रक रवाना होतात. परत काय येतं? आहेरासाठी खास काढलेला, शिवू नये असाच विणलेला ब्लाउज पीस. ज्या मुलखातून रुई जाते त्याच मुलखाला हा माल येतो आणि लग्नसराईत घरोघर फिरतो. या व्यापाराचा शेवट काकूंच्या मशीनवर होतो, हे व्यवहारी माणसाच्या लक्षात येत नाही. टेरिकॉटचा पीस मात्र काकू वरच्या बाजूला लावत नाहीत. गरम भांडं टेकलं की आक्रसतो, म्हणतात. भांडं त्या टेकू कधी देतात, हा प्रश्न वेगळा.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीच्या प्रत्येक डब्यातलं पाणी बातमीचा विषय झालं, तिथं नळ किती दिवसांनी येणार यावर कपडे धुण्याचा वार ठरतो. अशा गावात ताटाखाली कापड घालणं म्हणजे चैन, असं कुणी म्हटलं तर खोडून काढायला कठीण. पण आक्षेप घेणाऱ्यानं गृहीत धरलंय की मॅटवर जेवलं जातं. मॅट मळते ती धुळीनं, फार तर पाहुण्याच्या कौतुकानं. रस्सा, वरण, ताक, शेंगदाण्याच्या चटणीवरचं तेल, यांपैकी कशाचाही तिच्याशी संबंध येत नाही. अनेक घरांत तर मॅटवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद असतो. तोही सांडेल म्हणून काढून ठेवतात. पाण्याच्या दृष्टीनं पाहिलं तर न वापरलेल्या मॅटइतकी काटकसरीची वस्तू जिल्ह्यात दुसरी नसेल. मार्गशीर्षातल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात कडब्याच्या कोपीपाशी बसून भज्जी आणि आंबील ओरपताना काकूंनाही मॅटची आठवण होत नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

तिसरा आक्षेप माझ्या सिद्धांताच्या मुळावर येणारा आहे. पीस बाद केला म्हणता, पण त्या मॅट जातात कुठं? जातात वाणात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू तिळगुळाबरोबर मॅट लुटतात, एकेकीला दोन. लातूरला अकरावी-बारावीसाठी ठेवलेल्या मुलाच्या ट्रंकेत पुस्तकांखाली सहा निघतात, आणि वसतिगृहात तो त्यांतली एक डब्याखाली, एक लॅपटॉपखाली घालतो, बाकीच्या खोलीतल्या मुलांत वाटून टाकतो. लातूर पॅटर्नचा तेवढाच शिवणकामाशी संबंध. म्हणजे चलन थांबलं नाही, फक्त नोट बदलली, असं टीकाकार म्हणतील. उत्तर असं, की ब्लाउज पीसला चेहरा नव्हता, मॅटला आहे. चौथ्या मॅटची ती वेगळ्या रंगाची कड काकू कुठंही ओळखतात. दोन वर्षांनी तीच मॅट तिसऱ्याच घरातून वाण म्हणून परत आली, तर त्या एक शब्द बोलत नाहीत. हळदीकुंकू घेतात, मॅट घरी नेतात आणि मिक्सरखाली घालतात. तिथून ती कुठंही जात नाही. ब्लाउज पीसच्या आयुष्यात असा मुक्काम कधीच येत नसतो.

आता एक गोष्ट नाइलाजानं काकूंच्या बाजूनं सांगावी लागते. ज्या नांदेडात त्या मॅट शिवतात, तिथंच मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज शिवले जातात आणि त्यासाठीची खादी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणली जाते. ध्वजाची लांबी-उंची तीनास दोन. प्रमाण आकारांपैकी एक ४५० बाय ३०० मिलिमीटर. काकूंची मॅट नेमकी तेवढीच. हा योगायोग आहे, त्यातून फार काही निघत नाही. पण ध्वजाचा टाका जराही हुकलेला चालत नाही, आणि काकूंच्या मॅटची शिलाई टेप लावून पाहिली तर तीही कडेपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर निघते. तपासणारं कुणी नाही, भाव ठरवणारं कुणी नाही, बचत गटाच्या स्टॉलवर ठेवल्या तर दहा रुपये कमी करा म्हणणारं गिऱ्हाईक मात्र आहे. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यांना मुभा मिळाली आणि हातानं कातलेल्या-विणलेल्या खादीला गिरणीच्या मालाशी भावाच्या स्पर्धेत उतरावं लागलं. काकूंनी त्यांच्या संहितेत अशी दुरुस्ती केलेली नाही. रस्सा येण्यापूर्वी मॅट काढण्याचा त्यांचा हट्ट मला हास्यास्पद वाटतो आणि पुढंही वाटेल. पण दुपारच्या दुपारी खर्चून सरळ आणलेल्या टाक्यावर कुणी तर्रीचा थेंब पाडावा, हेही फारसं बरं वाटत नाही. कौतुकाचं ते एक मिनिट हीच काय ती त्या बाईची मजुरी.

खरा धोका दुसरीकडूनच आहे. लग्नपत्रिकेच्या तळाशी आता छापून येतं, ‘कृपया आहेर आणू नये’. काही मांडवांत पाकिटाऐवजी क्यूआर कोड चिकटवलेला असतो. शहाणी सुधारणा आहे, कुणीही तिचं स्वागतच करील, आणि तिच्यामुळं ब्लाउज पीसचा झरा हळूहळू आटत जाणार हेही उघड आहे. कपाटातला साठा काही वर्षं पुरेल. पुढं कच्चा माल कुठून आणायचा? काकूंनी ती ओळ चष्मा लावून दोनदा वाचली आहे. त्यांच्या मते ती लांबच्या नातेवाइकांसाठी असते. तरीही नियम तो नियम, म्हणून आहेर त्या नेत नाहीत. साडीच्या जुन्या पिशवीत सहा मॅट, चार पिस्ता रंगाच्या आणि दोन जांभळ्या, नवरीच्या आईच्या हातात देतात आणि तिनं पत्रिकेकडे बोट दाखवलंच तर म्हणतात, “आहेर कुठाय हो हा, घरचंच तर आहे. अन् हे बघा, जेवताना काढून ठेवत जा.”