तिसऱ्या एपिसोडपासून पकड घेते

महाराष्ट्रात हल्ली हवापाण्याची चौकशी बंद झाली आहे. माणसं भेटली की थेट विचारतात, "काय बघताय सध्या?" उत्तरात विचारणाऱ्याला काडीचा रस नसतो. तुम्ही 'स्क्विड गेम' म्हणा, 'पाताल लोक' म्हणा, नाहीतर सरळ साडेसातची मालिका म्हणा. तो तुमचं वाक्य कसंबसं संपू देतो आणि म्हणतो, "ते ठीक आहे हो. पण तुम्ही ते दुसरं बघितलं नाही? काय सांगता! बघाच." लगेच मोबाइल निघतो, नाव पाठवलं जातं आणि वर तो ठरलेला इशारा मिळतो, "पहिले दोन एपिसोड जरा स्लो आहेत, पण तिसऱ्यापासून पकड घेते."

स्थळ घेऊन येणाऱ्या मावश्या याच सुरात बोलतात. मुलगा सुरुवातीला अबोल वाटतो, पण एकदा रुळला की अगदी मोकळा. दोन्हीकडे निभावायचं आपल्याला असतं आणि सुचवणारा नंतर फोन उचलत नाही.

जरा हिशेब मांडू. 'ब्रेकिंग बॅड'चे भाग ६२. एक भाग पाऊण तासाचा धरला तरी साडेसेहेचाळीस तास. 'द वायर'चे भाग ६०, एकेक जवळपास तासाचा. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे ७३, आणि ते संपवल्यावर शेवटचा सीझन कसा माती होता यावरची व्याख्यानं वेगळी. थोडक्यात, टपरीवर कटिंग संपायच्या आत केलेली शिफारस तुमच्या नोकरीच्या आठवड्याहून जास्त तास मागते. ज्या मित्राला पाचशे रुपये उसने द्यायला आपण दहा कारणं शोधतो, त्याच्या शब्दावर साठ तास बिनतारण देऊन मोकळे होतो.

शिफारस करणाऱ्यांत पोटजाती आहेत. पहिली मूळ भाषावाल्यांची. हे कोरियन, स्पॅनिश, जर्मन असंच काही बघतात आणि "डब केलेलं बघू नका हं" असं बजावतात. यांच्यातल्या एकाने मला 'डार्क' ही जर्मन सिरीज समजावून सांगितली. सीझन ३, भाग २६, आणि काळ पुढेमागे इतका सरकतो की आजोबा-नातू कोण हेच कळेनासं होतं. या गृहस्थांना स्वतःच्या चुलत आत्याचं नाव आठवत नाही. विंडेन गावातल्या चार घराण्यांची वंशावळ मात्र त्यांनी कागदावर काढून दाखवली.

दुसरी पोटजात परदेशस्थांची. न्यू जर्सीतला मावसभाऊ रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि विचारतो, "तुमच्याकडे आली नाही का अजून?" या प्रश्नात सिरीज कमी आणि ग्रीन कार्ड जास्त असतं.

तिसरी जात पालकांची. मार्च २०२५ मध्ये 'अ‍ॅडोलसन्स' आली. वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप असलेला १३ वर्षांचा मुलगा, चारच भाग आणि प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेला. ब्रिटनमध्ये ती शाळांना मोफत दाखवता यावी अशी सोय झाली, पंतप्रधानांनीही पाठिंबा दिला. आपल्याकडे शाळेच्या पालक ग्रुपवर "प्रत्येक पालकाने बघावी अशी" हा निरोप फिरला. प्रत्येक पालकाने तो दुसऱ्या पालकाला पाठवला. शेजारच्या खोलीत दार लावून बसलेल्या स्वतःच्या मुलाला हाक मारून "चल, एक भाग सोबत बघू" असं म्हणणारा बाप माझ्या ऐकिवात नाही. रात्री अकरा वाजता बाप हॉलमध्ये आधुनिक मुलांचं एकटेपण बघत होता आणि मुलगा आत एकटा होता.

चौथी जात दीडपटवाल्यांची. नेटफ्लिक्सने २०२० मध्ये मोबाइलवर वेग वाढवायची सोय दिली, तेव्हापासून हे सगळं दीडपट वेगाने बघतात आणि नंतर म्हणतात, "काय संथ लय पकडली आहे दिग्दर्शकाने!"

पाचवी आणि सर्वांत मोठी जात न बघता सुचवणाऱ्यांची. यांनी दोन रील आणि एक परीक्षण पाहिलेलं असतं. तुम्ही प्रामाणिकपणे सिरीज संपवून यांच्याशी बोलायला गेलात की हे दोन्ही हात वर करतात, "थांब थांब, स्पॉयलर नको! मी अजून सुरूच केली नाही."

यात समजा शिफारस मनावर घेतलीच, तर ती सिरीज आहे कुठे हा पुढचा तपास. एचबीओच्या सिरीजचंच बघा. त्या हॉटस्टारवर होत्या. ३१ मार्च २०२३ नंतर तिथून गेल्या आणि जिओसिनेमावर उगवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्रच आले. ज्याने मधल्या काळात दोन्हीकडे वर्षाचे पैसे भरले, त्याला 'सक्सेशन'मधली कंपन्यांची खरेदी-विक्री वेगळी बघायची गरज उरली नाही. एवढं करून सापडलीच, तर पासवर्ड मेहुण्याचा असतो आणि एका वेळी किती जणांनी बघायचं याची मर्यादा त्याच्या घरच्यांनी आधीच गाठलेली असते.

माझी खरी तक्रार मात्र तासांची नाही आणि पैशांचीही नाही. शिफारशी वाढल्या आणि गप्पा मेल्या, ही आहे.

दूरदर्शनच्या काळाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. वाहिनी एकच होती, त्यामुळे सगळ्यांची आवड एकच होती यात कौतुक ते काय? पण एक सोय होती. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली, तेव्हा "बघ हं" असं कुणी कुणाला सांगितलं नाही. सगळे तेच बघत होते. दुसऱ्या दिवशी कचेरीत सुरुवात थेट बडकीच्या लग्नापासून व्हायची. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, तेव्हा रस्ते ओस पडत आणि कथा हजारो वर्षं आधीच फुटलेली असल्यामुळे स्पॉयलरची भीती कुणालाच नव्हती. शिवाय 'हम लोग'चा भाग संपला की दादामुनी अशोक कुमार पडद्यावर येऊन तात्पर्य सांगत. आता ते काम सहकारी करतात, तेही आपण भाग बघायच्या आधी.

आज आठ जणांच्या टेबलावर आठ सिरीज असतात. चुकून दोघांची एकच निघाली, तर एक दुसऱ्या सीझनच्या चौथ्या भागावर असतो आणि दुसरा पहिल्याच्या सहाव्या. म्हणजे दोघांनाही बोलायची बंदी. उरतं काय? नावांची देवाणघेवाण. जेवणाच्या सुट्टीत माणसं एकमेकांना याद्या वाचून दाखवतात आणि डबे झाकून उठतात.

गप्पा अगदीच होत नाहीत असं नाही. जून २०२५ मध्ये 'पंचायत'चा चौथा सीझन आला. फुलेरा गावात प्रधानपदाची निवडणूक, मंजू देवींची निशाणी दुधी आणि क्रांती देवींची प्रेशर कुकर. काय चुरशीने बोलली माणसं त्यावर! पंचायतीच्या सचिवजींची बदली व्हावी की न व्हावी, विरोधी गटातल्या बनराकसला शह कसा द्यावा, विधायकाचा काटा कसा काढावा. ही चर्चा मुंबईत आणि पुण्यात चालली होती. त्या वेळी या दोन्ही शहरांत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि सवातीन वर्षं प्रशासक कारभार पाहत होते. फुलेरातल्या दुधीसाठी जीव तोडणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या वॉर्डातली निवडणूक कधी होणार हे विचारलं? बाविसाव्या मजल्यावर बसून ग्रामसभेचं कौतुक करणाऱ्या याच मंडळींच्या सोसायटीची वार्षिक सभा दरवर्षी गणसंख्येअभावी तहकूब होते. सोसायटीच्याही सचिवाचं नाव त्यांना ठाऊक असतं, पण ते लिफ्ट बंद पडल्यावर.

'स्कॅम १९९२'चंही तेच. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली ही सिरीज सुचेता दलाल आणि देबाशिस बासू या पत्रकारांच्या पुस्तकावर आधारलेली. घोटाळा उघड करणारी बाई त्यात मध्यभागी आहे. पण जो तो शिफारस करताना हर्षद मेहताच्या ऐटीचंच वर्णन करत होता. एकाने तर सिरीज संपायच्या आत डिमॅट खातं उघडलं. असा बोध घेणाऱ्या माणसाने पुढची कुठली सिरीज सुचवली, तर आपण त्याचं का ऐकावं?

आता ज्यांना सगळे हसतात त्यांच्याकडे वळू. रोजच्या मालिका बघणाऱ्या आया, सासवा आणि (नाकबूल करणारे) सासरे. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून ११ वर्षांहून अधिक चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. पंधरा दिवस गावी जाऊन आलात तरी पाहुणे त्याच दिवाणखान्यात त्याच साड्या नेसून उभे असायचे, हे खरंच आहे. पण यांचं गणित बघा. भाग आज रात्री झाला, उद्या सकाळी भाजी निवडताना त्यावर भांडण झालं, संध्याकाळपर्यंत निकाल लागला. "अगं, तिने त्याला ते पत्र द्यायलाच नको होतं," इथून सुरुवात होते आणि खऱ्या घरातल्या खऱ्या जावेपर्यंत गाडी पोचते. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' लागायची तेव्हा मालवणी न कळणारी घरंही त्यावर तावातावाने बोलत होती. यातलं कुणीही कुणाला लिंक पाठवत नव्हतं. दर्जाबद्दल माझं मत विचाराल तर ते छापण्यासारखं नाही. मात्र एका कथेवर चार माणसांनी एकाच दिवशी बोलणं हे ज्या कुणाला जमतं आहे, त्याला हसायचा हक्क साठ तास एकट्याने हेडफोन लावून बसणाऱ्याला नाही.

म्हणून यापुढे कुणी सिरीज सुचवली की त्याला चार प्रश्न विचारा. एकूण तास किती? तू स्वतः शेवटपर्यंत बघितलीस का? आईबाबांसमोर बघता येते, की 'मिर्झापूर'सारखं रिमोट हातात धरून बसावं लागतं? आणि संपल्यावर माझ्याशी अर्धा तास बोलशील का? शेवटच्या प्रश्नावर जो "अर्थात" म्हणेल त्याचीच शिफारस घ्या. बाकीच्यांना "बघतो हं" म्हणा. तेही तुम्हाला हेच म्हणत आले आहेत.

आणि सुचवायचंच असेल तर आखूड सुचवा. 'चेर्नोबिल' पाच भागांची आहे. 'फॉल्टी टॉवर्स'चे १९७५ आणि १९७९ मिळून बाराच भाग झाले आणि प्रत्येक जेमतेम अर्ध्या तासाचा. एक सुट्टीचा दिवस पुरतो. हॉलमधल्या टीव्हीवर लावा, घरातल्यांना बोलवा, मध्ये बोलू द्या, चुकीचे अंदाज करू द्या. ज्या सिरीजवर बोलायला घरात एकही माणूस नाही ती कितीही थोर असली तरी सोडून द्या. तिसऱ्या एपिसोडची वाट बघू नका.